तांब्याचा वायसर आणि कोरा पुठ्ठा

मी एक जुना वायसर आहे. तांब्याचा. मित्रांनो, तुमच्यापैकी एखाद्याने मला रस्त्यात पडलेलं नाणं समजून उचललंही असेल आणि मधलं भोक बघून परत फेकून दिलं असेल. मला त्याचा राग नाही. नाण्याला भोक पडलं की ते वाया जातं, मला मात्र भोक नसतं तर जन्मात कोणी विचारलं नसतं.

सध्या माझा मुक्काम एका प्लंबरच्या घरी आहे. हत्यारांच्या फळीवर एका खिळ्याला दोरीत बांधून मला टांगलेलं आहे. माझ्या जोडीला, त्याच खिळ्याला, एक आखूड पाना आहे आणि शेजारी भिंतीला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. पुठ्ठ्यावर काहीही लिहिलेलं नाही, चित्र नाही, साधा डागही नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हा कोरा पुठ्ठा भिंतीला कशाला लावलाय?" मग प्लंबर हातातलं काम ठेवून सांगायला बसतो. तो सांगतो ते खोटं नसतं, पण त्यात त्याचा वाटा जरा फुगलेला असतो. म्हणून आज मी स्वतःच सांगायचं ठरवलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्यातून झाला. वरून पोलादी ठोसा आला, खटॅक, आणि मी सुटा झालो. पाठोपाठ दुसरा ठोसा आला आणि मला भोक पडलं. माझ्यासारखी कितीतरी भावंडं एका तारेत ओवून दुकानात टांगली गेली. तिथून मला नानांनी घेतलं. नाना मोटारी दुरुस्त करायचे. त्यांनी तारेतला प्रत्येक वायसर अंगठा आणि बोटात धरून कडेने फिरवला. कुठे धार लागली की तो बाजूला. माझ्यावरून अंगठा दोनदा फिरला आणि नाना म्हणाले, "हा चालेल." आयुष्यातली माझी ही पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

आता माझं काम सांगतो. गाडीच्या इंजिनाला ऑइल लागतं. ते इंजिनाच्या पोटाखालच्या एका तसराळ्यात साठतं, त्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. ऑइल वापरून काळं झालं की काढून नवं भरावं लागतं, आणि त्यासाठी चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो. बोल्ट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. दोघेही ताठ. दोन ताठ माणसं एकमेकांना कितीही घट्ट धरून बसली तरी मध्ये कुठेतरी केसाएवढी फट राहतेच, आणि गरम ऑइलला तेवढी पुरते. म्हणून त्या दोघांच्या मध्ये मी बसतो. बोल्ट आवळला की मी दबतो आणि दोघांच्या अंगावरच्या बारीकसारीक खाचा भरून काढतो. मग ऑइल आत राहतं आणि जमीन कोरडी राहते. घराघरांत मध्ये पडणारी माणसं असतात ना, तसंच हे. काम झालं की त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

नानांनी मला बसवलं ते त्यांच्या लेकीच्या गाडीला. लेक गाडी चालवायला शिकवायची. तिची लहानशी पांढरी गाडी होती आणि शेजारच्या सीटपुढे तिच्यासाठी एक जादा ब्रेक होता. शिकणाऱ्यांना ती दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच" असं सांगत फिरायची, त्यामुळे सगळा भाग तिला क्लचबाई म्हणायचा. तोंडावर म्हणायचा आणि तिला ते आवडायचं.

मित्रांनो, शिकवणीच्या गाडीला लागलेल्या वायसराइतके धक्के जगात दुसऱ्या कोणी खाल्ले नसतील. कोणी गाडी सुरू करताच बेडकासारखी उडवायचे. कोणी फुटपाथवर चढवायचे आणि चेंबर कडेला घासायचं. एका आजोबांनी तर मागे जायचं म्हणून पुढे नेली आणि भाजीवाल्याला विचारलं, "तुम्ही आधीपासून इथेच उभे होता का?" मी त्या सगळ्या धक्क्यांत जागचा हललो नाही. कधी थेंब सोडला नाही.

यात नानांचा हात मोठा होता. तांब्याची एक खोड आहे. ते एकदा दाबलं की कडक होतं, आणि कडक झालेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नाना ऑइल बदलताना शक्यतो नवा वायसर लावत. त्या मापाचा नवा हाताशी नसला की जुन्याला तारेत अडकवून ज्योतीवर धरत, लाल करत आणि पाण्यात टाकत. चुर्र झालं की तांबं पुन्हा मऊ. त्यांना खात्री हवी असली की ते मला उचलून फरशीवर टाकत. कडक वायसर टिण्ण वाजतो, मऊ झालेला थप असा पडतो. "वाजला म्हणजे अजून अकड आहे," असं म्हणत ते मला परत ज्योतीवर धरत.

दुसरी गोष्ट त्यांच्या आखूड पान्याची. एकदा त्यांच्या गॅरेजमधल्या दांडगट मेकॅनिकने एका गाडीचा बोल्ट लांब पान्याने एवढा आवळला की चेंबरचे आटेच गेले. बोल्ट ज्या गोल गोल खाचांत फिरत बसतो त्या खाचा म्हणजे आटे. ते गेले की चेंबर कामातून जातं. नानांनी लोखंड कापायची करवत घेतली आणि त्या मापाच्या पान्याची दांडी अर्ध्यातून कापून टाकली. म्हणाले, "दांडी लांब असली की हाताला कळत नाही कुठे थांबायचं."

पुढे नाना गेले. गॅरेज बंद झालं. त्यांची हत्यारं एका लाकडी खोक्यात भरून लेकीच्या घरी आली आणि पलंगाखाली सरकली. गाडीचं ऑइल मग कुठल्याशा मोठ्या गॅरेजात बदललं जाऊ लागलं. तिथे कोणी मला ज्योतीवर धरलं नाही. काढलं, फडक्यानेही पुसलं नाही, उलटसुलट न बघता परत लावलं. मी कडक होत गेलो. तरी इमानाने टिकलो. फार झालं तर माझ्या कडेला जराशी ओल यायची आणि तिथेच सुकायची.

आता त्या रविवारकडे येतो.

क्लचबाईंचा नवरा म्हणजे हा प्लंबर. त्याची सख्खी धाकटी बहीण त्यांच्याच घरी राहायची. ती नर्स होती. गरोदर बायका आणि बाळंतिणींना घरोघरी जाऊन तपासायचं एक चांगलं काम तिला मिळत होतं. फिरायला गाडी कामावरून मिळणार होती, पण गाडी चालवायचा परवाना तिचा तिने आणायचा होता. परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी तिने मैदानातला रबरी शंकू उडवला आणि काच खाली करून त्याला "सॉरी हं" म्हणाली. दुसऱ्या वेळी चढावर गाडी बंद पाडली आणि ती अशी मागे घरंगळली की परीक्षकांचा चहा त्यांच्या शर्टावर. सोमवारी तिसरी परीक्षा होती. पास झाली तर काम तिचं, नाही तर तिच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या नर्सचं. एवढा सरळ हिशेब होता.

परीक्षेला जादा ब्रेकची गाडीच चालायची, आणि तशी गाडी क्लचबाईंकडे एकच होती. शिवाय मैदानाचा एक कडक नियम होता. मागे तिथे सांडलेल्या ऑइलवरून एक स्कूटरवाला घसरून पडला होता. तेव्हापासून फाटकाशी प्रत्येक गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवत, इंजिन चालू ठेवायला सांगत आणि थांबत. पुठ्ठ्यावर एक जरी थेंब पडला तर गाडी परत.

रविवारी दुपारी क्लचबाई झोपायच्या. आठवडाभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबणाऱ्या बाईची ती झोप कोणी मोडायची नाही, हा घरातला कायदा होता. तेवढ्यात प्लंबरच्या मनात आलं की बहिणीच्या परीक्षेआधी गाडीचं ऑइल आपण स्वतः बदलावं. बहीण टॉर्च धरून उभी राहिली आणि दोघं दारातल्या फरशीवर कुजबुजत कामाला लागले.

"दादा, परीक्षा झाल्यावर बदललं तर नाही का चालणार?"

"उद्या तुझी परीक्षा आणि गाडीत काळं तेल? इंजिन कसं लोण्यासारखं चाललं पाहिजे. चढावर बंद पडायची नाही बघ."

"चढावर बंद मी पाडते. इंजिन नाही पाडत."

"तू टॉर्च धर. आयुष्यभर लोकांच्या घरातलं पाणी थांबवलं, हे एवढंसं तेल काय मोठं."

त्याने बोल्ट काढला, काळं ऑइल काढलं, मी होतो तसाच मला परत लावलं आणि नवं ऑइल भरलं. माया होती हो त्या हातात. पण मी आता पुरता कडक झालो होतो आणि जरा सरकून, जुनेच ठसे घेऊन बसलो होतो. माझ्या कडेला ऑइल जमलं, फुगलं आणि खाली पडलं.

टप.

प्लंबरचा चेहरा मी गाडीखालून बघितला. ज्या आवाजाविरुद्ध त्याने सगळं आयुष्य घालवलं, तो आवाज त्याच्या स्वतःच्या दारात आला होता. समोरच्या दुकानाच्या पायरीवर शिंपी बटणं लावत बसला होता. त्याने तेवढ्यात साधून घेतलं.

"काय प्लंबरसाहेब, तुमच्याच दारात गळती? मग आम्ही बोलवायचं तरी कोणाला?"

"तुम्ही तुमची बटणं लावा. आणि हळू बोला, ही झोपलीये."

त्याने बोल्ट आणखी आवळला. थेंब जरा उशिराने आला, पण आला. मग प्लंबरने तेच केलं जे फक्त प्लंबरच करेल. नवं ऑइल परत एका स्वच्छ टबात काढलं, नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप पिशवीतून काढली आणि बोल्टच्या आट्यांवर फेरे मारत गेला. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून नळात घालायचा काळा रबरी वायसर माझ्या डोक्यावर बसवला.

"दोन कशाला?" बहिणीने विचारलं.

"एक गळत असेल तर दुसरा धरेल."

मित्रांनो, त्या रबराबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पाण्यात तो माझा बाप असेल. पण गरम ऑइलशी त्याचा छत्तीसचा आकडा. ऑइल भरून इंजिन सुरू केलं, ते तापलं आणि तो माझ्या उरावर बसल्या बसल्या मऊ पडून कडेने बाहेर सटकायला लागला. माझा तर चेंबरला स्पर्शच होत नव्हता. आता थेंब पडेना, माळच लागली.

"दादा, वहिनीला उठवू?"

"नको. ती उठायच्या आत थांबवतो."

त्याने इंजिन बंद केलं आणि पिशवीतून पाइप पाना काढला. केवढा तो. मोठाल्या नळांना पिरगाळणारा. त्याने तो बोल्टला लावला आणि अंगातला सगळा जोर देऊन ओढला. आतून करकर असा आवाज आला. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, नानांच्या गॅरेजमध्ये, त्या दांडगट मेकॅनिकने दुसऱ्या गाडीचे आटे घालवले तेव्हा. प्लंबरने पुन्हा जोर घेतला.

"थांबा."

क्लचबाई दारात उभ्या होत्या. त्या ढगांच्या गडगडाटात झोपल्या असत्या, पण स्वतःच्या इंजिनाचा आवाज कानावर पडल्यावर त्यांना कसली झोप. पदर खोचून त्या खाली वाकल्या.

"कशाने आवळताय?"

"जरासंच आवळत होतो."

"चेंबर आहे हो ते, गच्चीवरची टाकी नाही. आणि ही पांढरी पट्टी? बँडेज केलंत माझ्या इंजिनाला?"

प्लंबर हाताला लागलेलं ऑइल पँटला पुसत राहिला.

"आटे गेले असतील तर उद्या दुसरी गाडी मी कुठून आणू?"

"वहिनी, त्याला नको बोलू. माझ्यासाठीच चाललं होतं त्याचं."

"ठाऊक आहे गं. म्हणून तर आवाज चढवला नाही."

त्यांनी साध्या पान्याने बोल्ट हळूहळू सोडवला. ऑइल टबात उतरलं. टेपच्या चिंध्या झाल्या होत्या, त्या त्यांनी जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक काढल्या. रबर तर चघळून टाकलेल्या चिंगमसारखं निघालं. मग त्यांनी करंगळी चेंबरच्या भोकात घातली आणि डोळे मिटून आट्यांवरून फिरवली. नणंद टॉर्च धरून उभी होती. मग क्लचबाईंनी बोटांनी बोल्ट फिरवून बघितला. तो पहिल्या वेढ्यात अडखळला आणि मग सुरळीत आत गेला.

"पहिला आटा दुखावलाय. बाकीचे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा ओढलं असतं तर काही खरं नव्हतं."

मग त्यांनी मला तळहातावर घेतलं. फडक्याने पुसलं आणि फरशीवर टाकलं. टिण्ण. त्या इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या.

"नानांचा आहे हा. पार ताठलाय बिचारा."

सुट्या भागांची दुकानं रविवारी बंद. पलंगाखालचं खोकं बाहेर आलं. नानांच्या डब्यात वायसर पुष्कळ होते, पण एक मोठा तर एक लहान. आमच्या मापाचा एकही नाही. म्हणजे उरलो मीच. क्लचबाईंनी मला तारेत अडकवलं आणि सगळी मंडळी स्वयंपाकघरात आली. त्यांनी गॅस पेटवला आणि खिडकीचा पडदा ओढला.

"पडदा का ओढलास?" नणंदेने विचारलं.

"उजेडात तांब्याचा रंग दिसत नाही. नाना असंच करायचे. मी बघितलंय नुसतं, हाताने कधी केलं नाही."

"वितळला तर?"

"तर उद्या तू रिक्षाने ये आणि नापास हो."

मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की घाबरू नका, या आगीची आणि माझी जुनी ओळख आहे. पण वायसराला तोंड कुठलं. मी तापलो, काळवंडलो, कडेला कुठे जरा लाली आली आणि त्यांचा धीर सुटला. त्यांनी मला पाण्यात बुडवलं. फरशीवर टाकलं.

टिण्ण.

प्लंबर दारापाशी पायपुसण्यावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "अजून धर. घाई केलीस."

"तुम्ही सांगताय मला घाई?"

"मीच सांगू शकतो."

त्यांनी मला पुन्हा ज्योतीवर धरलं. या वेळी मनगट हललं नाही. मी विझत आलेल्या निखाऱ्यासारखा सगळीकडून सारखा लाल झालो, तरी त्या क्षणभर थांबल्या. मग पाणी. चुर्र. त्यांनी मला चिमट्याने उचलून फरशीवर सोडलं.

थप.

प्लंबरने मान वर केली. नळाच्या आवाजावरून भिंतीतली गळती शोधणारा माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. "आवाज बदलला," तो म्हणाला.

माझ्यावरची काजळी घासून निघाली आणि मी पुन्हा नव्यासारखा चमकायला लागलो. शिंपी एव्हाना सुईदोरा टाकून दारात येऊन उभा होता. टबातलं ऑइल गाळायला त्याने बारीक विणीचं फडकं आणून दिलं. "अस्तराचं आहे, धागा सुटत नाही," एवढंच म्हणाला. क्लचबाईंनी खोक्यातून आखूड पाना काढला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घ्या. तुम्हीच लावा."

"मी? नको. माझा हात जड आहे."

"म्हणून तर नानांनी दांडी कापलीये."

"हा पाना आहे की चमचा," तो पुटपुटला, पण पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बहिणीने टॉर्च धरली. क्लचबाई शेजारी उकिडव्या बसून सांगत होत्या. "आधी बोटांनी फिरवा, फिरेल तितकं. आता पाना. हळू. मऊ लागेल. लागतंय?"

"लागतंय."

"मग जरा जड लागेल."

"हो. बसलं."

"तिथे थांबा."

"एवढ्यात?"

"थांबा म्हटलं ना."

तो थांबला. मित्रांनो, दोन्हीकडच्या सगळ्या खाचा मी त्या एका क्षणात भरून टाकल्या. अंगावर बोल्टचा दाब होता, पण तो सोसवेल इतकाच होता. मला नानांची आठवण झाली.

ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, खाली बुटाच्या खोक्याचं झाकण ठेवलं. संध्याकाळचा चहा झाला तरी झाकण कोरडं. शिंपी तीनतीनदा वाकून बघून गेला आणि शेवटी काहीशा नाराजीने म्हणाला, "थांबलीच म्हणायची."

सोमवारी सकाळी मैदानाच्या फाटकाशी गाडी उभी राहिली. परीक्षकांनी पांढरा पुठ्ठा खाली सरकवला. "इंजिन चालू राहू दे." क्लचबाई, प्लंबर आणि स्टिअरिंगवर बसलेली नणंद, तिघांनीही श्वास घेतलेला मला ऐकू आला नाही. गरम ऑइल माझ्या पाठीवर येऊन टेकलं. मी ते तिथेच धरलं. परीक्षक वाकले, त्यांनी पुठ्ठा ओढून काढला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "जाऊ द्या आत."

माझं काम तिथे संपलं होतं, पण पुढचंही मी पाहिलं. खालून दिसतं तेवढं. शंकू सगळे उभे राहिले. मग चढ आला. नर्सताईंनी मध्यावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. परीक्षकांनी आपला चहा आधीच खिडकीबाहेर धरला होता. ती क्लच सोडायला लागली आणि स्वतःशीच पुटपुटली. इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं.

"हळू. मऊ लागतंय. आता जड. तिथे थांब."

गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. ती तिथे थांबली. मग हँडब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न येता वर गेली.

परीक्षकांनी सही केली आणि चहा संपवला. प्लंबरने बहिणीच्या डोक्यावर टपली मारली. क्लचबाई तिला म्हणाल्या, "उतरताना हँडब्रेक लाव, पास झालीस म्हणून गाडी सोडून जायचं नाही." मग प्लंबर संकोचत परीक्षकांकडे गेला.

"साहेब, तो आमच्या गाडीखालचा पुठ्ठा मिळेल का?"

"काय करणार? कोरा आहे तो."

"तेवढ्यासाठीच हवाय."

पुढच्या खेपेला क्लचबाईंनी नव्या वायसरांचा पुडाच आणला आणि मला काढून नवा लावला. तेच बरोबर आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गाडीचं ऑइल बदलत असेल तर त्यांना माझा निरोप सांगा. दर वेळी नवा वायसर लावा. नसेल मिळत तर मोठ्यांनी जुन्याला भाजून मऊ करून घ्यावं. लावण्याआधी जागा पुसा. एक लावा, एकावर एक चढवू नका. थेंब पडला म्हणून जोर लावत सुटू नका, तो का पडतोय ते आधी बघा. आणि काम झाल्यावर खाली एक पुठ्ठा ठेवून, वाकून बघायचा कंटाळा करू नका. वाकून बघणारं कोणी असलं की आमच्यासारख्या लहानांना काम करायला बरं वाटतं.

माझ्या साऱ्या आयुष्याची कमाई विचाराल तर तो भिंतीवरचा पुठ्ठा. त्यावर काही नाही, हे माझ्यामुळे. नर्सताई रोज सकाळी कामाला निघताना त्याच्याकडे एक नजर टाकतात. प्लंबर आता नळ दुरुस्तीला जातानाही कधीकधी आखूड पाना घेऊन जातो, आणि त्या दिवशी मी खिळ्यावर एकटा असतो.

पाना घरी असला आणि वारा आला की मी त्याच्यावर आपटतो. टिण्ण असा आवाज येतो. म्हणजे शेवटच्या त्या कामात दबून मी पुन्हा कडक झालो आहे. होऊ दे. स्वयंपाकघर काही फार लांब नाही.